गाडीत बसण्याआधी



दोन-तीन वीकांत इकडे फिरकायला जमलं नाही. रिलीज होता, क्लायंट होता, आणि शनिवारी झोप होती. :) आज मात्र बसलोच आहे, कारण हा विषय बरेच दिवस डोकं कुरतडतोय. विषय आहे मानसशास्त्रातली पीएचडी, आणि तिला प्रवेश घेणाऱ्याला आधी काय काय सांगायला हवं. आता तुम्ही म्हणाल, जावामध्ये कोड पाडणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध? संबंध एवढाच की मला यातलं ओ की ठो कळत नसताना मी एका मुलीला यात ढकललं. मग पस्तावलो, आणि मग वाचायला घेतलं. नेहमीप्रमाणे उलट्या क्रमाने.

मागच्या पावसाळ्यात चार दिवस सुट्टी काढून घरी गेलो होतो. घर म्हणजे हरसूल, तालुका त्र्यंबकेश्वर, जिल्हा नाशिक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाशिकहून गिरणारे, मग वाघेरा घाट, मग आम्ही. तसंच पुढे गेलात तर गुजरातची हद्द. पावसाळ्यात घाटात पाच फुटांवरचं दिसत नाही, पण घरी नागलीची भाकरी असते, त्यामुळे जमून जातं.

संध्याकाळी मामाच्या ओट्यावर बसलो होतो. मामेबहिणीने मोबाईल पुढे केला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या कंत्राटी जागेची जाहिरात होती. पद: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ती म्हणाली, "दादा, नीट वाच. यात पीएचडी कुठे लिहिलीय?"

मी वाचलं. नव्हती लिहिलेली. क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी, एवढं मागितलं होतं. आणि आमच्या बाईंची मानसशास्त्रातल्या पीएचडीची दोन वर्षं संपत आली होती.

थोडं मागे जातो. आमच्या पाड्यावर एक बाई बाळंतपणानंतर बोलायची बंद झाली होती. घरच्यांनी दोन महिने भगताकडे खेपा घातल्या, मग कुणीतरी नाशिकला सिव्हिलला न्यायला सांगितलं. तिथे डॉक्टर भले होते, पण बाईला आमची बोली सोडून काही येत नव्हतं, आणि डॉक्टरांना आमची बोली येत नव्हती. मामेबहीण तेव्हा नाशिकला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होती, तिलाच दुभाषी म्हणून बोलावलं. तिथून तिच्या डोक्यात हे बसलं की आपल्या भागात आपल्या बोलीत बोलणारं असं कुणीतरी हवं. तिने मानसशास्त्रात एमए केलं. २०२३ मध्ये मला विचारलं, पुढे काय? मी हिंजवडीत बसून, जेवता जेवता फोनवर सांगितलं, "पीएचडी कर ना! नावापुढे डॉक्टर लागेल, मग टाक हरसूलला दवाखाना."

झालं. घरातला पहिला इंजिनीअर म्हणजे सर्वज्ञ!

* 

त्याच मुक्कामात परत येताना गिरणाऱ्याला चहाला थांबलो. तिथला मजुरांचा नाका नाशिककरांना माहीत असेल. द्राक्षांच्या हंगामात पेठ, हरसूलकडची माणसं पहाटे तिथे येऊन उभी राहतात. बागाईतदाराची पिकअप येते. पण कुणी लगेच टुणकन उडी मारून गाडीत बसत नाही. आधी प्रश्न. रोज किती? काम छाटणीचं की थिनिंगचं? जेवण कुणाचं? संध्याकाळी परत सोडणार का? माझी चुलत आत्या, जिला सही करता येत नाही, ती हे चारही प्रश्न एका दमात विचारते. एका दिवसाच्या मजुरीसाठी.

आणि आमच्या घरातली सगळ्यात शिकलेली मुलगी पाच-सहा वर्षांच्या गाडीत एकही प्रश्न न विचारता बसली होती. का, ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, "दादा, प्रवेश मिळाला हेच खूप वाटलं. विचारलं असतं तर वाटलं असतं, हिला गरज नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. ज्यांच्या घरात आधी कुणी शिकलेलं नसतं त्यांना प्रवेश हा उपकार वाटतो, आणि उपकार करणाऱ्याला हिशेब विचारत नाहीत. म्हणूनच मला वाटतं की सांगायची जबाबदारी विचारणाऱ्यावर टाकून चालणार नाही. ती गाडीवाल्याची आहे.

पण मग गाडीवाला सांगत का नाही? मला आधी वाटलं होतं लबाडी असेल. वाचल्यावर कळलं की गोष्ट त्याहून जुनी आहे आणि गुंतागुंतीचीही.

*

आपल्याकडे मानसशास्त्र दोन वेगवेगळ्या घरांत वाढलं.

पहिलं घर विद्यापीठाचं. १८७९ मध्ये जर्मनीत लायपझिगला विल्हेल्म वुंटने प्रयोगशाळा काढली. त्याचा शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग अमेरिकेत हार्वर्डला गेला. त्याच्याकडे शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी कलकत्ता विद्यापीठात भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग उभा केला, १९१६ च्या सुमारास. त्याचा अभ्यासक्रम ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९०५ मध्येच आखून ठेवला होता. म्हणजे डिझाइन आणि अंमलबजावणी यांत दहा वर्षं. आमच्या प्रोजेक्टांसारखंच. :) त्याआधी मानसशास्त्र म्हणजे तत्त्वज्ञानातला एक पेपर. मग १९२४ मध्ये म्हैसूर. आपल्याकडे पुणे विद्यापीठात १९५० मध्ये विभाग सुरू झाला, त्याचं नावच मुळी प्रायोगिक मानसशास्त्र. मुंबई विद्यापीठात १९५९ मध्ये उपयोजित मानसशास्त्राचा.

या घरात काय चालायचं? स्मृती, अवधान, बुद्धिमापन, चाचण्या, संख्याशास्त्र. उत्तम काम. या घराची पीएचडी म्हणजे "हा माणूस स्वतंत्रपणे संशोधन करू शकतो" याचा दाखला. पेशंट बरा करू शकतो, असं त्या कागदावर कधीच लिहिलेलं नव्हतं.

यावर कुणीतरी गिरींद्रशेखर बोस यांचं नाव काढेल. कलकत्ता विद्यापीठाची मानसशास्त्रातली डॉक्टरेट, १९२१. पुढच्याच वर्षी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली, फ्रॉइडशी पत्रव्यवहार केला, पेशंट तपासले. पण बोस आधीच वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर होते! पेशंट तपासण्याची परवानगी त्यांच्याकडे त्या डॉक्टरेटच्या आधीपासून होती. पदवी वेगळी, परवानगी वेगळी, हे १९२१ मध्येसुद्धा तसंच होतं.

दुसरं घर दवाखान्याचं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. असे दवाखाने होते, पण त्यांत मानसशास्त्र शिकलेली माणसं नव्हती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात मानसिक आरोग्याची स्थिती किती वाईट आहे ते आलं, आणि त्यातून १९५४ मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली (तीच १९७४ मध्ये निम्हान्स झाली). तिथे १९५५ मध्ये एमए झालेल्यांसाठी मेडिकल सायकॉलॉजीचा दोन वर्षांचा डिप्लोमा सुरू झाला. वॉर्डात बसायचं, पेशंटची केस लिहायची, वरिष्ठांनी ती तपासायची. १९६२ मध्ये रांचीला असाच दुसरा. पुढे याच डिप्लोमाचं एम.फिल. झालं.

बघा गंमत. नावाने एम.फिल. पीएचडीपेक्षा लहान. आमच्याकडे लोकांना वाटतं की ती मधली पायरी आहे, थेट वर गेलं तर सुटते. पण ही त्या जिन्याची पायरीच नव्हती. ते दुसऱ्या घराचं दार होतं.

मग कायदा आला. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२. त्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वसन व्यावसायिकांत घातलं आणि केंद्रीय नोंदवही सुरू केली. कलम १३ प्रमाणे नोंदणी नसताना व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (हजार रुपये! म्हणूनच बहुधा पाट्या इतक्या दिसतात.) मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७ ने व्याख्याच करून टाकली: परिषदेने मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची अर्हता, किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचं पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह केलेलं, परिषदेने मान्य केलेलं एम.फिल. नुसत्या पीएचडीचा तिथे उल्लेख नाही.

थोडक्यात, कायद्याने दवाखान्याचं घर धरलं आणि विद्यापीठाचं घर आपलं चालूच राहिलं. दोन्हीकडच्या जाणत्या माणसांना हे पाठ आहे. म्हणूनच कुणी ते माहितीपत्रकात लिहीत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोण लिहितं? आमच्या ऑफिसात जुन्या सिस्टिमचं डॉक्युमेंटेशन नसतं ते याच कारणाने. नवीन माणूस आला की मग सर्व्हर पडतो.

*

मग मला आणि माझ्यासारख्या हजारोंना "पीएचडी म्हणजे उपचार करणारा सायकॉलॉजिस्ट" असं का वाटतं? अमेरिकेमुळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे मनाने जखमी होऊन परतलेल्या सैनिकांची रांग लागली, आणि सरकारला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवे होते. १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला परिषद भरली आणि ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा संशोधकही असेल आणि उपचार करणाराही, आणि त्याची पदवी पीएचडी असेल, आत इंटर्नशिपसकट. म्हणजे तिकडे दोन घरांमधली भिंत पाडली. इंग्रजी सिनेमात सोफ्यावर पेशंट झोपवणारे "डॉक्टर अमुक" असतात ते या घरातले. आपण पाहिलं ते चित्र तिकडचं, आणि फॉर्म भरला तो इकडचा.

पण भिंत पाडून तिकडचे प्रश्न सुटले असं नाही. पुढे नुसत्या व्यवसायासाठीची सायडी ही डॉक्टरेट आली, खासगी संस्था निघाल्या, तुकड्या मोठ्या झाल्या, फिया अफाट झाल्या, आणि इंटर्नशिपच्या जागा तेवढ्या वाढल्या नाहीत. इंटर्नशिप नाही तर पदवी नाही. कर्ज काढून पाच वर्षं शिकलेली पोरं शेवटच्या दारात अडकायला लागली.

तेव्हा अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मान्यता आयोगाने एक साधं काम केलं. २००७ पासून मान्यताप्राप्त डॉक्टरेट अभ्यासक्रमांना काही आकडे जाहीर करणं सक्तीचं झालं. पदवीला सरासरी किती वर्षं लागली. एकूण खर्च किती. किती जणांना इंटर्नशिप मिळाली. किती जण सोडून गेले. किती जणांना पुढे परवाना मिळाला. ठरलेल्या तक्त्यांत, वेबसाइटवर सहज सापडेल असं.

यातला मला सगळ्यात आवडलेला आकडा "किती जण सोडून गेले" हा आहे. स्वतःच्या पराभवाचा आकडा स्वतःच्या दारावर लावायचा. त्याने तिकडे सगळं सुधारलं असा माझा दावा नाही. पण फॉर्म भरणाऱ्या पोराच्या हातात काहीतरी आलं.

आपल्याकडे हे अशक्य आहे का? अजिबात नाही. मी इंजिनीअरिंगवाला, माझ्या कॉलेजच्या साइटवर तळाशी "मँडेटरी डिस्क्लोजर" अशी लिंक असायची. एआयसीटीईचा नियमच आहे. प्रवेशक्षमता, फी, शिक्षक, प्रयोगशाळा, सगळं. आम्ही ती कधी उघडली नाही हा भाग वेगळा, आणि प्लेसमेंटचे आकडे कसे फुगवतात त्यावर एक स्वतंत्र लेख होईल. पण कल्पना परकी नाही.

पीएचडीलाही अर्धा नियम आहे. यूजीसीच्या २०१६ आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे विद्यापीठाने मार्गदर्शकांची यादी, त्यांच्याकडचे विद्यार्थी, विषय आणि प्रवेशाची तारीख साइटवर ठेवायची आणि दरवर्षी अद्ययावत करायची. प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायकाकडे चार विद्यार्थी. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा, वर मुदतवाढ. आणि पूर्ण झालेले प्रबंध शोधगंगावर जातात.

म्हणजे आत गेल्याची तारीख एकीकडे आणि बाहेर पडल्याची दुसरीकडे. एका वीकांताला मी एका विद्यापीठाच्या विभागाच्या याद्या घेऊन एक्सेलमध्ये दोन्ही जोडायचा प्रयत्न केला. (नाव लिहीत नाही, इतरांचं वेगळं असेल असं मला वाटत नाही.) यादी काही वर्षांपूर्वीची स्कॅन केलेली, वाकडी, अर्धी नावं मराठीत, अर्धी इंग्रजीत. रविवारी रात्री हात टेकले. जे गाळले गेले ते कुठेच नव्हते. त्यांची नोंद म्हणजे फक्त शोधगंगावर त्यांचं नसणं.

*

मग प्रवेशाच्या जाहिरातीसोबत एका पानावर काय असावं? माझी यादी अशी:

१. या पदवीने काय करता येईल आणि काय करता येणार नाही. "या पीएचडीने आरसीआयची नोंदणी मिळत नाही" हे एक वाक्य. ठळक अक्षरात. बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल.

२. गेल्या दहा वर्षांत किती जण आले, किती पूर्ण झाले, किती सोडून गेले, आणि पूर्ण होणाऱ्यांना खरोखर किती वर्षं लागली. नियमातली वर्षं नव्हे, खरी.

३. पैसे. फी, फेलोशिप किती जणांना आहे, आणि ती हातात केव्हा पडते. जेआरएफ २०२३ पासून महिना ३७ हजार झाली, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय फेलोशिप वर्षाला ७५० जणांना. यातलं काहीच मिळालं नाही तर खर्च किती, तेही लिहा.

४. मार्गदर्शक. विषय काय, सध्या किती विद्यार्थी, निवृत्ती केव्हा. सर मध्येच निवृत्त झाले तर पोराचं काय होणार.

५. पूर्ण झालेले आता काय करतात. नावं नकोत, नुसतं "अध्यापन इतके, इतर इतके".

६. नियम बदलत असतील तर तेही.

सहावा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तोच सगळ्यात महाग पडतो. यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एम.फिल. पदवीच बंद केली. मग क्लिनिकल सायकॉलॉजीची अडचण लक्षात आल्यावर जानेवारी २०२४ मध्ये तेवढ्यापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. म्हणजे आमची बाई २०२३ मध्ये पीएचडीला गेली तेव्हा योग्य दार एकदा बंद होऊन थोड्या काळासाठी पुन्हा उघडायच्या बेतात होतं, आणि तिला दार आहे हेच माहीत नव्हतं. बाकी मानसशास्त्रज्ञ २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याखाली आले. त्याचाच आधार घेऊन यूजीसीने २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षणाने मानसशास्त्राला प्रवेश देणं थांबवलं. हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या पोरींना घरी राहून शिकायचा तोच एक रस्ता होता. निर्णय चुकीचा म्हणत नाही, वॉर्डात न बसता हे काम शिकता येत नसेल. पण घरापर्यंत ते कळवलं कुणी?

याची दुसरी बाजूही लिहायला हवी. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना मी हे बोललो. ते म्हणाले, "पीएचडी म्हणजे नोकरीचं ट्रेनिंग नाही. ज्याला प्रश्नाचा ध्यास आहे त्याने यावं. तू परतावा मोजायला लागलास." मुद्दा बरोबर आहे. असा तक्ता लावला की उद्या विभाग आकडे सुंदर दिसावेत म्हणून अडखळणाऱ्या पोरांना घ्यायचंच बंद करतील, हीसुद्धा भीती खरी आहे, आणि त्यात पहिली गळतील ती आमच्याकडचीच. पण सर, ध्यास असलेल्याला खरं सांगितलं तर ध्यास जातो का? आमच्या बाईला ध्यास होता. पत्ता चुकीचा मिळाला, एवढंच. आणि तो चुकीचा पत्ता देणाऱ्यांत मीही होतो.

*

तिचं पुढे काय झालं? सिनेमासारखं काही झालं नाही. तिने पीएचडी सोडली नाही. तिचा विषय वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या पहिल्या वर्षाबद्दल आहे, आणि तो तिला मनापासून आवडतो. क्लिनिकलचं नंतर बघू म्हणते. मला ते "नंतर" किती लांब आहे ते कळतं, तिलाही कळतं, पण आम्ही दोघंही त्यावर बोलत नाही.

मागच्या महिन्यात तिने एक कागद पाठवला. माझ्या सहा मुद्द्यांचे तिने साध्या भाषेत सहा प्रश्न केलेत, आणि वसतिगृहाच्या नोटीस बोर्डावर मेसच्या वेळापत्रकाशेजारी लावलेत. खाली एक ओळ स्वतःची घातली आहे: "हे विचारल्याने प्रवेश जात नाही. आणि जात असेल तर तेही आधीच कळलेलं बरं."

आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं शिकून आता विचारायला शिकलात होय? :)

असो. सोमवार उजाडतोय, बिल्ड पडलेला आहे. तूर्तास इतकंच.